दहा सेकंदांवरची जोडी

निंबखेडीच्या पटातून निवृत्तीला काय मिळणार होतं, ते आधीच मांडून ठेवू. नाहीतर पुढं कोणी म्हणायचं, पोरगा गावाची सेवा करायला आला होता.

त्याला हवी होती एक जागा. नारायणराव ज्या शिक्षण संस्थेचे अध्यक्ष होते तिच्या हायस्कुलात जूनपासून कॉम्पुटर यायचा होता, आणि कॉम्पुटर आला की मागोमाग एक मास्तर लागणार होता. निवृत्ती चिखलीच्या एका क्लासात दोन वर्षं टेंपरवारी शिकवत होता. त्याची आई गोजरबाई सोयरिकीच्या बोलण्यात सांगायची, "पोरगा चिखलीले मशीनवर आहे," आणि समोरचा हमखास विचारायचा, "पिठाच्या का?" हायस्कुलातली जागा मिळाली असती तर हा प्रश्न बंद झाला असता. शिवाय गावात त्याला 'बे निवृत्ती' म्हणणारे 'सर' म्हणाले असते. सगळे नाही, पण निम्मे तरी.

नारायणराव पटाच्या कमिटीचेही अध्यक्ष होते. त्यांनी निवृत्तीला ओसरीवर बसवून अट घातली. "यंदाच्या पटाले तुहा कॉम्पुटर आण. साऱ्या पंचक्रोशीसमोर निकाल छापून दे. मंग ऑर्डर माह्या हातची."

साल एकोणनव्वद. पट म्हणजे शंकरपट. हलकी छकडी, दोन बैल, वर हाकणारा एक धुरकरी आणि तीनशे फुटांची वाट. एका वेळी एकच जोडी पळते आणि शर्यत असते ती घड्याळाशी. निंबखेडी आहे साखरखेर्ड्याच्या अलीकडं, आणि तिथं पहिल्या नंबराचं बक्षीस म्हणजे मान. पोळ्याच्या दिवशी ती जोडी तोरणाखालून सगळ्यांच्या आधी जाते. या मानापायी गावात सख्खे भाऊ तीन-तीन वर्षं एकमेकांशी बोलत नाहीत, आणि बोलायला लागले की गावाला चुकल्यासारखं वाटतं.

घड्याळ बावीस वर्षं वामन मास्तरांच्या हातात होतं. मास्तर शाळेत कवायत शिकवायचे. रिटायर होताना त्यांनी शिट्टी शाळेला परत केली, दाबायचं घड्याळ मात्र परत करायचं विसरले. दरवर्षी मचाणावर एक खुर्ची, एक भोंगा आणि एक जाड वही असा त्यांचा थाट असे. नारायणराव भर सभेत म्हणाले, "मास्तर, घड्याळ तुमचंच राहीन. पण वही आता बंद." मास्तरांनी चष्मा पुसला. चष्मा स्वच्छच होता.

पटाच्या पंधरा दिवस आधी नारायणराव आणि मास्तर चिखलीला कॉम्पुटर पाहायला गेले. निवृत्तीने पडद्यावर आपला प्रोग्राम उघडला. भाषेचं नाव सी. एवढ्या मोठ्या यंत्राची भाषा एका अक्षरात उरकलेली पाहून मास्तरांना ती गरीब वाटली. नारायणरावांची नजर मात्र ओळीतल्या % या खुणेवर गेली.

"हा टक्का कोणाले जाते?"

"टक्का नाही साहेब. आकडा कसा घ्यायचा अन् कसा छापायचा, हे सांगायची खूण आहे ती."

"सोसायटीत आम्ही हेच म्हणतो," नारायणराव म्हणाले.

निवृत्तीने ८.६४ दाबलं. पडद्यावर आलं ८.६४००००.

नारायणराव खूश. "पाह्यलं मास्तर? तुमचं घड्याळ पॉइंटाच्या पुढं दोन आकडे देते. हा सहा देऊन राह्यला!"

"चार तं शून्यच आहेत," मास्तर म्हणाले.

"आपण सांगितलं नाही तर यंत्र सहा घरं छापते," निवृत्ती म्हणाला. "त्याला सांगावं लागते, बावा, दोनच पुरे." त्याने ते सांगून दाखवलं आणि ८.६४ सुबक छापून आलं. इथं थांबला असता तर बरं झालं असतं. पण हुशारी दाखवायची खाज वाईट. त्याने दहा घरं मागून दाखवली आणि पडद्यावर आलं ८.६४००००३४३३.

मास्तर खुर्चीतून पुढं वाकले. "हा तीन कुठून आला?"

"तसं आहे मास्तर, की पॉइंट चौसष्ट यंत्राला नेमकं धरता येत नाही. जवळात जवळचं धरते."

"म्हंजे याचाही हात थरथरते," मास्तर म्हणाले, आणि त्या दिवसात पहिल्यांदा समाधानानं पाठ टेकून बसले.

मग नारायणरावांना स्वतः आकडा घालून पाहायचा होता. त्यांनी आठ दाबला, पॉइंट दाबला, सहा दाबला आणि चारवर बोट ठेवून मास्तरांशी बोलत राहिले. पडदाभर चारच चार. निवृत्तीने पट होईपर्यंत साहेबांना यंत्राजवळ येऊ द्यायचं नाही असं मनात ठरवलं. ते जमणार नाही हेही त्याला माहीत होतं. म्हणून त्याने प्रोग्रामातच बंदोबस्त केला: यंत्रानं एका वेळी चारच अक्षरं घ्यायची. एक आकडा, एक पॉइंट, दोन आकडे. ८.६४ त्यात बरोबर मावतं.

तो कामात कच्चा नव्हता, हे त्याच्या खात्यावर लिहिलं पाहिजे. चार अक्षरं पुरतील का, हे पाहायला त्याने मास्तरांच्या बावीस वर्षांच्या वह्या घरी नेल्या आणि आठ दिवस ओळ अन् ओळ तपासली. सगळ्यात कमी ७.४८. सगळ्यात जास्त ९.९७. दहाला एकही जोडी शिवली नव्हती. काही नावांपुढं आकड्याच्या जागी नुसती आडवी रेघ होती. वह्या परत करताना त्याने विचारलंसुद्धा.

"मास्तर, या रेघा कायच्या?"

"त्या जोड्या धरायच्या नाहीत," मास्तर म्हणाले.

निवृत्तीने त्या धरल्या नाहीत. बैल बिथरले असतील, नाहीतर जोडी आलीच नसेल, असं समजून पुढं गेला. कमिटीच्या सभेतही त्याने एकदा विचारून घेतलं, की एखादी जोडी दहा सेकंद घेते का. सगळी कमिटी हसली. नारायणराव म्हणाले, "लेका, दहा सेकंदात आमच्या इथली म्हैस जाते." मास्तर सभेत होते. ते हसले नाहीत, पण बोललेही नाहीत.

पटाच्या दिवशी कॉम्पुटर गाद्यांत गुंडाळून टेंपोतून आला. मचाणाखाली टेबल, बाजूला तंबूवाल्याचा जनरेटर. उन्हात पडदा दिसेना, तेव्हा गोजरबाईनं घरून घोंगडी आणली आणि ती टेबलावरून अशी टाकली की निवृत्ती कमरेपर्यंत आत आणि उरलेला बाहेर. आत बसून तो भोंग्यावरचा आकडा ऐकणार, दाबणार, पुढच्या जोडीची वाट पाहणार. चोवीस जोड्या. चोविसावा आकडा गेला की यंत्र आपोआप निकाल छापणार.

सुरुवात व्हायच्या आधी त्याने मचाणावर जाऊन मास्तरांना बजावलं. "मास्तर, घड्याळात येईल तेच बोला. यंत्रापासून काही लपवायचं नाही."

मास्तरांनी त्याच्याकडं वळून पाहिलं. "येईन ते?"

"येईल ते."

"बरं," मास्तर म्हणाले.

दहा जोड्या झाल्या. अकराव्या नंबरावर कचरू होता. कचरू भिवाजी गेली अकरा वर्षं न चुकता पटात उतरायचा, आणि तेही आपलेच वखराचे बैल घेऊन. एक बैल दुसऱ्यापेक्षा चार बोटं उंच, त्यामुळं त्याची छकडी पळताना जरा विचारात पडल्यासारखी कललेली असे. आजही तशीच आली. चुन्याची रेघ ओलांडली. मास्तरांनी घड्याळ दाबलं, पाहिलं, एकदा खाली घोंगडीकडं पाहिलं आणि भोंग्यात बोलले.

"कचरू भिवाजी. दहा पॉइंट शून्य पाच!"

बावीस वर्षांत त्या भोंग्यातून दहाचा आकडा आला नव्हता. मैदान असं हसलं की जनरेटर ऐकू येईना. निवृत्तीही हसला. त्याने १०.०५ दाबलं, एंटर दाबलं आणि कचरूचं तोंड पाहायला घोंगडीतून डोकं बाहेर काढलं. तेवढ्यात आत जे व्हायचं ते झालं. तो परत आत गेला तेव्हा पडद्यावरची रेघ पुढच्या आकड्यासाठी लुकलुकत होती. ती कितव्या जोडीचा आकडा मागत होती, हे त्याने पाहिलं नाही. लुकलुकत होती, एवढं त्याला पुरे होतं.

बारावी जोडी खुद्द नारायणरावांची. नांदेडकडून आणलेले बैल, खुराकाला बदाम, हाकायला भाड्याचा धुरकरी. आठ पॉइंट एकाहत्तर. वाईट नाही, पण तोरणाचं नाही. नारायणरावांनी फेटा काढून हातात घेतला.

पुढं सगळं सुरळीत गेलं. तेविसावी जोडी नऊ पॉइंट एकतीस. निवृत्तीने दाबलं, आणि घोंगडीच्या पोटात प्रिंटर कर्रर्र करून सुरू झाला.

चोविसावी जोडी सिंधूताईची. ती अजून वाटेच्या पलीकडच्या टोकाला बैल जुंपत होती.

नारायणराव टपलेलेच होते. त्यांनी कागद फाडून घेतला, खालची ओळ पाहिली आणि दोन ढांगांत मचाणावर जाऊन मास्तरांच्या हातातला भोंगा घेतला. "निकाल आला मंडळी, निकाल! पहिला नंबर," इथं ते जरा थांबले, कारण आपलंच नाव आपण पुकारायचं तर थोडी लाज दाखवावी लागते, "पहिला नंबर, जोडी बारा, नारायणराव! वेळ, पाच पॉइंट शून्य शून्य!"

कोणी टाळी वाजवली नाही. पाच सेकंदांत तीनशे फूट म्हणजे बैल नाही, जीप. पण आकडा छापील होता, आणि पुढं दोन शून्यं होती. त्या दोन शून्यांचा दरारा मोठा. नुसतं पाच म्हटलं असतं तर लोक हसले असते. नारायणराव जोरात यादी वाचत गेले. "अकरा, कचरू, दहा पॉइंट शून्य शून्य... तेवीस, आठ पॉइंट नव्वद... चोवीस, सिंधूताई, नऊ पॉइंट एकतीस. यंदाचा पट—"

"थांबा हो!"

सिंधूताई तीनशे फूट चालत आली. नवरा गेल्यापासून ती स्वतःच छकडी हाकते, आणि तिच्या जोडीपुढं नारायणरावांचे बदाम दरवर्षी वाया जातात. हातात तुतारी तशीच. बैल हाकायची ती टोकदार काठी पाहून पुढची माणसं आपोआप बाजूला झाली.

"माह्या नावावर नऊ पॉइंट एकतीस कोण पयालं?"

"तुमचीच जोडी, ताई," नारायणराव म्हणाले. "छापून आलं."

"माह्या बैलाच्या मानेवर अजून जू नाही. अन् मले नऊ सेकंद लागले?"

नारायणरावांनी तीन निवडणुका काढल्या होत्या. "ताई, कॉम्पुटर आहे तो. त्याले आधीच समजते."

"मंग पुढच्या सालचीही यादी काढून घ्या ना भाऊ," मागून कोणीतरी ओरडलं. "बैलं तरी आराम करतीन!"

हशा पिकला. हशात कोणी कचरूकडं पाहत नव्हतं. तो टेबलाशी येऊन निवृत्तीची घोंगडी ओढत होता.

"बे निवृत्ती. माहे पाच कुठी गेले?"

"कोणते पाच?"

"मास्तर भोंग्यात बोलले, दहा पॉइंट शून्य पाच. साऱ्या गावानं ऐकलं. नारायणरावांनं वाचलं, दहा पॉइंट शून्य शून्य. अकरा वर्षांत मले पह्यला आकडा भेटला बावा, त्यातलेही पाच काऊन खाल्ले?"

"कचरूभाऊ, तुमची वेळ कमी झाली. फायदा आहे तुमचा."

"फायदा नको. माहं ते माहं पाह्यजे."

निवृत्तीने प्रिंटरात राहिलेल्या कार्बनच्या प्रतीवर बोट ठेवलं. अकरा, १०.००. बोट एक ओळ खाली सरकलं. बारा, ५.००. आणि तिथंच त्याने अक्षरं मोजली.

चार अक्षरं. १०.०५ ही पाच होतात. यंत्रानं सांगितल्याप्रमाणं चार घेतली, १०.०, आणि शेवटचा पाच दाराबाहेर उभा राहिला. पुढच्या जोडीचा आकडा मागायची वेळ आली तेव्हा यंत्रानं निवृत्तीची वाट पाहिली नाही. दारात उभा होता तोच आत घेतला आणि नारायणरावांच्या नावावर बसवला. पाच शतांश सेकंदांचे पाच सबंध सेकंद झाले, आणि त्याने स्वतः कौतुकानं घातलेल्या दोन घरांच्या छपाईनं त्यांना वर शून्यांचा फेटा बांधला. तिथून पुढं प्रत्येकाचा आकडा खालच्याला गेला. नारायणरावांचा तेराव्याला, तेविसाव्याचा सिंधूताईला. चोवीस भरले तशी यंत्रानं दुकान बंद केलं.

त्याचा चेहरा नारायणरावांनी मचाणावरून वाचला. ते खाली उतरले, घोंगडीच्या आडोशाला वाकले आणि हळू आवाजात बोलले. "काय झालं ते मले सांगू नको. मले समजत नाही अन् समजायचं नाही. सिंधूताईले पयू दे, तिचा आकडा हातानं लिही. माहा पाच आहे तिथं राहू दे. सोमवारी ऑर्डर घेऊन जाय."

सिंधूताई तुतारी टेकून उभी होती. "निवृत्ती, मी पयू का नको? पाचच्या खाली जाणारा बैल अजून गाईच्या पोटात आला नाही. माहं पयणं फुकट असन तं आताच सांग, जनावराले कायले ताप?"

निवृत्तीने हिशेब केला. त्याला प्रामाणिकपणा म्हणायची घाई नको. एका पारड्यात जन्मभराची जागा. दुसऱ्या पारड्यात यंदाच्या पोळ्याला तोरणाखाली नारायणरावांचे बैल, आणि तीस वर्षं शाळेच्या वाटेवर लोकांचा एकच सवाल: काय सर, आज किती वाजले, पाच पॉइंट शून्य शून्य? आणि ही बाई दर वेळी समोरून येणार. तरीही जागेचं पारडं जड होतं. पण कचरूनं घोंगडी सोडली नव्हती.

"माहे पाच, बावा."

निवृत्ती मचाणावर गेला आणि त्याने भोंगा हातात घेतला.

"चूक माही आहे. यंत्राची नाही. मी चारच अक्षरं घ्यायला सांगतलं होतं, कचरूभाऊंचा आकडा पाच अक्षरांचा निघाला. बाराव्या जोडीचा पाच हा अकराव्या जोडीचा आहे. तिथून खाली प्रत्येकाचा आकडा एक ओळ वर घ्यायचा. नारायणराव आठ पॉइंट एकाहत्तर. सिंधूताईची जोडी पयायची आहे."

"चारच काऊन ठेवले बे?" भगवानराव विचारता झाला. तो कमिटीत होता आणि म्हशीवर सगळ्यात मोठ्यानं हसला होता.

"बावीस वर्षांच्या वह्या पाह्यल्या. दहाच्या वर एकही जोडी नाही."

साऱ्या मैदानाची मान मास्तरांकडं वळली. मास्तर खुर्चीत तसेच बसले होते.

"रेघा आहेत ना," ते म्हणाले. "दहाच्या वर गेला की रेघ. गावाची पोरं, गावाचे बैल. लिहून काय शोभा करायची होती? मी तुमचीच लाज झाकली." मग निवृत्तीकडं वळून म्हणाले, "तू म्हणाला, येईन ते बोला. मी बोललो."

"मले सांगायचं तरी मास्तर."

"वही बंद केली तुम्ही. बंद वही कशी बोलन?"

तेवढ्यात दोघा-तिघांनी मचाणामागची मास्तरांच्या वह्यांची पेटी उघडली होती. कोणाच्या किती रेघा, याची मोजणी सुरू झाली आणि एकेक घर उजेडात येऊ लागलं. भगवानरावाच्या तीन निघाल्या. "अठ्ठ्याहत्तर, नारायणराव, रेघ!" कोणीतरी वाचलं. "एकोणऐंशी, रेघ! ऐंशी, अरे वा, इथं तं दोन जोड्या अन् दोन रेघा!" नारायणराव म्हणाले, वह्या जप्त करा. जप्त कोणी करायच्या हे त्यांनी सांगितलं नाही, आणि कोणी पुढंही आलं नाही.

या गोंधळात सिंधूताई परत जाऊन जुंपून तयार होती. झेंडी पडली. सात पॉइंट बासष्ट. मास्तरांनी भोंग्यात सांगितलं, निवृत्तीने पेनानं लिहिलं, आणि पेनानंच त्या छापील यादीवर तेरा बाण वरच्या दिशेनं काढले. कचरूच्या ओळीत शेवटचं शून्य खोडून पाच घातला. कचरूनं तो दोनदा वाचून घेतला, मग कागदच मागून नेला.

आता जमाखर्च.

सिंधूताईला तोरण मिळालं. ऑगस्टात तिचे बैल सगळ्यांच्या आधी गेले. वामन मास्तरांना वही परत मिळाली, पण रेघ मारायची सोय गेली, आणि पुढच्या वर्षी सात जणांनी आपणहून नावं काढून घेतली. कचरूनं तो बाणांचा कागद काचेत बसवून दाराशी लावला आहे. येणाऱ्याला तो सांगतो, बावीस वर्षांत दहाच्या वर मी एकटाच. नारायणराव पहिल्यावरून नवव्यावर आले. त्यांचं नुकसान धरायचं नाही, कारण ते मूळचे नववेच होते.

हायस्कुलातली जागा नारायणरावांच्या मेव्हण्याच्या पोराला गेली. निवृत्तीने चिखलीला परत जाऊन प्रोग्रामातल्या चारच्या जागी सहा केला. त्याला अर्धं मिनिट लागलं. गोजरबाईला सोयरिकीत लोक अजून विचारतात, पिठाच्या मशीनवर का. ती आता हो म्हणते.

चूक तिघांची, साहेबांच्या बोटाची, मास्तरांच्या रेघांची अन् निवृत्तीच्या चार अक्षरांची; आठ दिवस वह्या तपासल्या एकानं, आणि भरलंही त्या एकट्यानंच.